चिनी कविता इंग्रजीतून वाचताना: आधी सांगाडा, मग अनुवाद

जुनी चिनी कविता इंग्रजीतून वाचणारे आणि तिथून ती मराठीत आणणारे आपल्यात बरेच आहेत. हौस खरी असते, मेहनतही असते, पण क्रम चुकतो. एक इंग्रजी अनुवाद वाचला जातो, तो मनात भरतो आणि त्या इंग्रजीचं मराठी होतं. हाती येते ती त्या इंग्रजी अनुवादकाची कविता. मूळ कवीनं न लिहिलेला ‘मी’ तिच्यात येऊन बसतो, न लिहिलेला भूतकाळ येतो, ‘तरीही’ आणि ‘कारण’ येतात. ते सगळं आपण इमानेइतबारे मराठीत उतरवतो आणि खाली कवीचं नाव घालतो.

यावर उपाय आहे आणि त्यासाठी चिनी भाषा शिकावी लागत नाही. इंग्रजी अनुवाद शेवटी उघडायचा. त्याआधी कवितेचा शब्द-सांगाडा, म्हणजे मूळच्या एकेका चिनी अक्षराचा (एक अक्षर म्हणजे सहसा एक शब्द) सुटा अर्थ, स्वतःच्या हातानं वहीत मांडायचा. आठ ओळींच्या कवितेला पहिल्यांदा दोन-तीन संध्याकाळी लागतात, नंतर वेळ कमी होत जातो.

उदाहरणासाठी एकच कविता शेवटपर्यंत धरतो: थांग राजवटीतला कवी दू फू याची ‘छुन वांग’ (‘छुन’ म्हणजे वसंत). ती ७५७ सालच्या वसंतातली आहे. आन लूशान या सेनापतीच्या बंडखोरांनी राजधानी चांगआन, म्हणजे आजचं शीआन, आदल्या वर्षी घेतली होती. दू फू शहरात अडकला होता आणि बायकामुलं उत्तरेला दूर होती. एवढी पार्श्वभूमी पुरते.

तयारी: काय जवळ हवं

आडवी मोठी वही, पेन्सिल आणि दोन रंगांची पेनं घ्या. संगणकावर रकाने पाडले तरी चालतील, पण पहिल्या दोन-तीन कविता हातानं करा. एकेक अक्षर लिहिताना जे लक्षात येतं ते चिकटवताना येत नाही.

मूळ मजकूर आणि शब्दार्थ मिळवणं आता अवघड नाही. ‘चायनीज टेक्स्ट प्रोजेक्ट’ या मोफत संकेतस्थळावर जुने ग्रंथ मूळ चिनीत आहेत आणि अक्षरावर गेलं की शब्दकोश उघडतो. दू फूच्या समग्र कवितांचा स्टीफन ओवेन यांचा अनुवाद २०१६ साली सहा खंडांत निघाला. मूळ चिनी समोरासमोर छापलेलं आहे आणि तो मोफत उतरवून घेता येतो. अगदी नवख्यांनी डेव्हिड हॉक्स यांचं दू फूवरचं १९६७ सालचं पुस्तक शोधावं. त्यात ३५ कवितांचं मूळ, उच्चार, शब्दशः अर्थ आणि गद्य अनुवाद एकापाठोपाठ दिले आहेत. मला स्वतःला ही पद्धत कळली ती त्या मांडणीवरून.

इशारा: पहिली कविता चार किंवा आठ ओळींचीच घ्या. बाय ज्यूयी या थांग कवीच्या लांब कथाकाव्यापासून सुरुवात केलेली मंडळी दहाव्या ओळीला थकतात आणि पुन्हा सरळ इंग्रजीकडे वळतात.

टप्पा १: कवी कोण ते पक्कं करा

हे किरकोळ वाटतं, पण सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. जुन्या इंग्रजी पुस्तकांत वेड-जाइल्स नावाची रोमन लेखनपद्धत असते, नव्यांत १९५८ साली चीननं स्वीकारलेली पिनयिन. म्हणून एकाच कवीला जुन्या पुस्तकात ‘ली पो’ आणि नव्यात ‘ली बाय’ म्हटलेलं दिसतं. ‘तू फू’ आणि ‘दू फू’ एकच, ‘पो च्यू-ई’ आणि ‘बाय ज्यूयी’ एकच.

त्यात चिनी रीतीनं शिकलेल्या पुरुषाला मोठेपणी आणखी एक नाव मिळे, शिवाय काही जण टोपणनाव घेत. ली बाय म्हणजेच ली तायबाय, थाव छ्येन म्हणजेच थाव युआनमिंग, सू शी म्हणजेच सू दोंगपो. अमेरिकन कवी एझ्रा पाउंड यांच्या १९१५ सालच्या अनुवाद-संग्रहात ली बायचं नाव जपानी उच्चारानं ‘रिहाकू’ असं छापलेलं आहे, आणि ते वाचून त्याला जपानी कवी समजणारे वाचक मला अजून भेटतात. आडनाव आधी येतं हेही ध्यानात ठेवा: वांग वेईचं आडनाव वांग.

उच्चाराच्या बाबतीत आपली भाषा आपल्याला मोठी मदत करते. पिनयिनमधली बी, डी, जी ही अक्षरं चिनीत प, त, क यांच्या जवळ आहेत. पी, टी, के ही फ (‘फळ’मधला), थ, ख यांच्या जवळ. मराठीत ‘चमचा’मधला च आणि ‘चार’मधला च वेगळे आहेत ना, नेमका तसा भेद चिनीतही आहे: झेड म्हणजे ‘चमचा’चा च, जे म्हणजे ‘चार’चा च. म्हणजे जुन्या पुस्तकातलं ‘तू फू’ मूळ उच्चाराच्या जास्त जवळ आहे. या लेखात मात्र नावं पिनयिनच्या अक्षरांप्रमाणे लिहितो, म्हणजे शोधताना सापडतील. तुम्ही कुठलीही रीत घ्या, एका लेखात एकच ठेवा.

तपासणी: वहीच्या माथ्यावर कवीची सगळी नावं, जन्म-मृत्यूची सालं आणि कवितेचं मूळ शीर्षक उच्चारासह लिहिलं आहे का? शीर्षक नसेल तर पुढे दोन अनुवाद एकाच कवितेचे आहेत की वेगवेगळ्या, हेच कळणार नाही.

टप्पा २: रकाने पाडा, शब्द भरा

एका अक्षराला एक रकाना. ‘छुन वांग’मध्ये आठ ओळी आणि ओळीला पाच अक्षरं, म्हणजे ४० रकाने. प्रत्येकात मूळ शब्दाचा अर्थ मराठीत लिहा, पण विभक्तीचा प्रत्यय लावू नका आणि क्रियापद चालवू नका. मोडला, मोडली, मोडलेला, काही नाही; फक्त ‘मोडणे’.

१. देश – मोडणे – डोंगर – नदी – असणे
२. शहर – वसंत – गवत – झाड – गर्द
३. जाणवणे – काळ – फूल – शिंपडणे – आसू
४. सलणे – ताटातूट – पाखरू – दचकणे – काळीज
५. इशारा – आग – सलग – तीन – महिना
६. घर – पत्र – मोल – दहा हजार – सोने
७. पांढरे – डोके – खाजवणे – आणखी – आखूड
८. पुरते – होऊ घातलेले – न – पेलणे – बुचड्याची काडी

एखाद्या अक्षराचे तीन अर्थ असतील तर तिन्ही रकान्यात लिहा. आत्ता निवड करायची नाही. शीर्षकातला ‘वांग’ घ्या: लांबवर बघणे आणि आशा करणे, दोन्ही. इंग्रजीला यातलं एक उचलावं लागतं. मराठीतलं ‘वाट बघणं’ दोन्हींच्या जवळ पोचतं, पण हे कळायला दोन्ही अर्थ समोर हवेत.

इशारा: अख्खी कविता भाषांतर करणाऱ्या यंत्रात टाकू नका. ती यंत्रं बहुतेकदा आजच्या चिनीचा अर्थ लावतात. ‘झौ’ आज म्हणजे चालणे, जुन्या भाषेत पळणे. ‘छीझ’ हा जोडशब्द आज म्हणजे बायको. दू फूच्या कवितेत तो बायको आणि मुलं दोघांसाठी येतो. एकेक अक्षर शब्दकोशात बघा आणि जुना अर्थ वेगळा दिला असेल तर तोच घ्या.

रंगाच्या शब्दांपाशीही थांबा. ‘छिंग’ हे अक्षर शेवाळाला लागलं की हिरवं, आभाळाला लागलं की निळं आणि केसांना लागलं की काळं.

टप्पा ३: यती आणि जोड्या शोधा

आता इंग्रजी वाचून कधीच दिसत नाही ते दिसायला लागतं.

पाच अक्षरांच्या ओळीत यती, म्हणजे ओळीतला थांबा, दुसऱ्या अक्षरानंतर येते: दोन, मग तीन. सात अक्षरांच्या ओळीत चौथ्यानंतर. प्रत्येक ओळीत तिथे उभी रेघ मारा. ‘देश मोडणे | डोंगर नदी असणे.’ रेघेच्या अलीकडे एक गोष्ट, पलीकडे दुसरी, आणि मध्ये ‘पण’ही नाही आणि ‘तरी’ही नाही. इंग्रजीत हमखास जोडशब्द येतो, तो इथल्या मोकळ्या जागेत घुसवलेला असतो.

मग ओळी दोन-दोनच्या जोडीनं वाचा. चिनी कवितेचा श्वास जोडओळीचा आहे. आठ ओळींच्या या रचनेत, तिला ‘ल्यूशी’ म्हणतात, तिसरी-चौथी आणि पाचवी-सहावी या जोड्यांत शब्दाखाली त्याच जातीचा शब्द यावा असा नियम आहे. चार ओळींच्या ‘ज्युएज्यू’ला ही सक्ती नाही. आता पाचव्या-सहाव्या ओळीवर वरून खाली बोट फिरवा: आगीखाली पत्र, तीनखाली दहा हजार, महिन्याखाली सोनं. आकड्यासमोर आकडा. कुठलंही इंग्रजी वाचन हे इतकं स्वच्छ दाखवत नाही.

पहिल्या जोडीला नियम लागू नाही, तरी दू फूनं तिथेही जोड जमवली आहे. ‘देश’खाली ‘शहर’, ‘डोंगर-नदी’खाली ‘गवत-झाड’, ‘असणे’खाली ‘गर्द’. आणि ‘मोडणे’खाली? ‘वसंत’. माझं बोट पहिल्यांदा या रकान्यावर आलं तेव्हा मी बराच वेळ तिथेच थांबलो. मोडणं हे क्रियापद, त्याच्या बरोबर खाली वसंत, म्हणजे वसंतही इथे क्रियापदासारखा उभा आहे: देश मोडतो, शहर वसंततं. शहर ओस पडलंय म्हणूनच गवत गर्द झालंय, हे कवी सांगत नाही, तो फक्त एका शब्दाखाली दुसरा ठेवतो. ‘शहरात वसंत आला’ असं मराठी केलं की हे सगळं गळून जातं.

यमक सम ओळींच्या शेवटी असतं आणि कवितेभर एकच. इथले यमकाचे शब्द आजच्या उच्चारात शन, शिन, चिन आणि चान असे येतात आणि शेवटचा जुळत नाही. थांग काळात चारही शब्दांच्या शेवटी ‘म’ होता आणि ते जुळत होते. आजचे उच्चार ऐकून ‘यमक चुकलंय’ असं लिहू नका.

तपासणी: जोडीतल्या दोन रकान्यांत तुम्ही वेगळ्या जातीचे शब्द भरलेत का? वर नाम आणि खाली क्रियापद आलं असेल तर बहुधा अर्थ चुकीचा उचललाय. शब्दकोशाकडे परत जा.

टप्पा ४: कोऱ्या जागांवर खूण करा

जुन्या चिनीत क्रियापदाला काळ नाही, नामाला वचन नाही, लिंग नाही. कर्ता बहुतेकदा लिहिलेलाच नसतो. अनुवादकाला या जागा भराव्याच लागतात. आपल्याला त्या कुठे आहेत हे त्याच्या आधी ठाऊक हवं. म्हणून लाल पेनानं प्रत्येक कोरी जागा खुणवा: कोण? केव्हा? एक की अनेक?

तिसरी ओळ बघा. जाणवणे, काळ, फूल, शिंपडणे, आसू. आसवं कोणाची? कवी रडतो आणि फुलांवर आसवं सांडतात, हे एक वाचन. फुलंच रडतात, पाकळ्यांवरचं दव हीच त्यांची आसवं, हे दुसरं. चौथ्या ओळीत पाखरांमुळे कवीचं काळीज दचकतं की पाखरांचंच? टीकाकारांनी दोन्ही बाजू मांडल्या आहेत आणि दोन्ही व्याकरणात बसतात. वहीत दोन्ही लिहा.

पाचव्या ओळीतला ‘तीन – महिना’ म्हणजे तीन महिने की वर्षाचा तिसरा महिना, हाही असाच दुहेरी प्रश्न. माझ्या पहिल्या मसुद्यात तिथे ‘मार्च’ होता, कारण समोरच्या इंग्रजीत तो होता. चिनी महिना अमावास्येपासून सुरू होतो आणि पंधरावी तिथी पौर्णिमेची, म्हणजे आपल्या महाराष्ट्रातल्या अमान्त पंचांगासारखंच. तिसरा महिना साधारण एप्रिलच्या आसपास येतो, वसंताचा शेवट. ‘मार्च’ लिहून मी ऋतूच सरकवला होता. आठव्या महिन्याची पौर्णिमा, जिच्यावर असंख्य कविता आहेत, ती आपल्याकडे बहुधा भाद्रपदाची आणि कधी आश्विनाची. ही मोजणी इंग्रजी वाचकाला नवी असते, आपल्याला घरची आहे. ती वापरा.

वयाचंही तसंच. जन्मताच एक वर्ष आणि दर नववर्षाला एक वाढ. ७१२ साली जन्मलेला दू फू या कवितेत त्यांच्या गणतीनं ४६ वर्षांचा आहे. ‘पांढरे डोके’ म्हणून त्याला म्हातारा करू नका.

इशारा: या टप्प्यावर कुठलीही जागा भरायची नाही. ‘माझ्या मते इथे कवीच रडतो’ असा निकाल आत्ता लागला, तर पुढे अनुवाद वाचताना तुम्ही फक्त तुमच्या बाजूचे शोधाल.

टप्पा ५: संकेत तपासा, पण मोजकेच

काही गोष्टी चिनी वाचकाला सांगाव्या लागत नाहीत आणि आपल्याला सांगितल्याशिवाय कळत नाहीत. विलोची डहाळी मोडून देणं म्हणजे निरोप, कारण विलोचा ‘ल्यू’ आणि ‘थांब’ म्हणणारा ‘ल्यू’ यांचा उच्चार जुळतो. उडणारे हंस पत्र आणतात. रेशमाच्या ‘स’मागे विचार करण्याचा ‘स’ लपलेला असतो. पौर्णिमेचा चंद्र दूरच्या माणसांना एकाच वेळी दिसतो, म्हणून तो भेटीचा आणि ताटातुटीचा. ज्याच्या ओरडण्यानं प्रवासी व्याकूळ होतो तो प्राणी गिबन आहे, लांबलचक हाक देणारा. त्याचं मराठीत ‘माकड’ झालं की सगळी ओळ बिघडते.

आपल्या कवितेत दोन संकेत महत्त्वाचे. ‘इशाऱ्याची आग’ म्हणजे सीमेवरच्या बुरुजांवर शत्रू आल्याची खबर देणारा जाळ. तो सलग आहे म्हणजे लढाई थांबलेली नाही. आणि शेवटची ‘काडी’. पुरुष केसांचा बुचडा बांधत आणि अधिकाऱ्याची टोपी त्यात काडी खुपसून बसवत. केस इतके विरळ झालेत की काडी टिकेना, म्हणजे टोपी टिकेना. म्हातारपणासोबत दरबारातली जागाही निसटते आहे. ‘केसांत पिन राहत नाही’ एवढंच लिहिलं तर वाचकाला बाईच्या अंबाड्याचं चित्र दिसेल.

‘दहा हजार’ हा आकडा मोजायचा नसतो. आपण ‘लाखमोलाचं’ म्हणतो तसा तो आहे. ‘ली’ हे अंतर ढोबळ मानानं अर्धा किलोमीटर. त्याचं ‘मैल’ करू नका.

इशारा: प्रत्येक फुलात आणि ढगात संकेत शोधू नका. टीपेत आधार मिळाला नाही तर फूल हे फूल.

टप्पा ६: आता इंग्रजी अनुवाद उघडा

किमान तीन घ्या, वेगवेगळ्या काळातले: एक जुना, एक अभ्यासकाचा, एक कवीनं केलेला. प्रत्येकाची एकेक ओळ तुमच्या रकान्यांखाली लिहा. सांगाड्यात नसलेला प्रत्येक शब्द दुसऱ्या रंगानं अधोरेखित करा.

रंग कुठे साचतो ते बघा. ‘मी’ आणि ‘माझा’ यांच्यावर साचेल. ‘जरी’, ‘अजून’, ‘आणि मग’ यांच्यावर साचेल. यमक साधणाऱ्या अनुवादांत ओळीच्या शेवटी साचेल, कारण यमकासाठी भरीचा शब्द तिथेच घालावा लागतो. लाल खुणांपाशी तिन्ही अनुवाद वेगळे झाले तर घाबरू नका. तिथे मूळच मोकळं आहे, हे तुम्हाला आधीपासून माहीत आहे. खरी काळजी उलट ठिकाणी करायची: सांगाडा स्पष्ट आहे आणि एकच अनुवाद भलतं सांगतोय. तिथे तळटीप वाचा. कधी त्यानं वेगळी पाठप्रत वापरलेली असते. ली बायच्या ‘शांत रात्री’च्या प्रसिद्ध चार ओळींत आज सगळे ‘उजळ चंद्र’ म्हणतात. जुन्या छापील प्रतींत एका जागी ‘डोंगरावरचा चंद्र’ आहे. ती अनुवादकाची चूक नव्हे.

तपासणी: ‘हा अनुवाद चांगला, तो वाईट’ असं लिहिण्याआधी प्रत्येकाबद्दल एक वाक्य लिहा: यानं कोणती कोरी जागा कशी भरली? ते वाक्य जमत नसेल तर तुलना अजून झालेली नाही.

टप्पा ७: मराठी, सांगाड्यावरून

अनुवाद बाजूला ठेवा आणि रकाने समोर घ्या. इंग्रजीला जे जमत नाही ते मराठीला जमतं, आणि इंग्रजीतून आलो की नेमकं तेच हातचं जातं.

वांग वेईची चार ओळींची ‘लू झाय’ घेऊ. पहिल्या ओळीचा सांगाडा: रिकामा – डोंगर – न – दिसणे – माणूस. इंग्रजीला इथे बघणारा आणावा लागतो, नाहीतर वाक्य उलटं फिरवावं लागतं. मराठीत ‘माणूस दिसेना’. बघणारा कोण, तो की ती, एक की अनेक, काही सांगावं लागत नाही. ‘ऐकू येतं’, ‘आठवतं’, ‘सलतं’, ‘भासतं’ ही सगळी क्रियापदं अशीच, अनुभव समोर ठेवून अनुभवणाऱ्याला आत ठेवणारी.

रिकामा डोंगर, माणूस दिसेना,
बोलण्याचा आवाज तेवढा कानी.
परतीचं ऊन गर्द रानात शिरतं,
पुन्हा उजळतं हिरव्या शेवाळावर.

‘रिकामा’साठी जो ‘खोंग’ शब्द आहे, तोच बौद्ध ग्रंथांच्या चिनी अनुवादात ‘शून्य’साठी वापरला आहे. वांग वेईनं आपलं दुसरं नाव ‘मोज्ये’ घेतलं तेही बौद्ध ग्रंथातल्या विमलकीर्तीच्या ‘वेईमोज्ये’ या चिनी नावावरून, म्हणजे भारताशी धागा खरा आहे. तरी मी ‘शून्य डोंगर’ लिहीत नाही. चिनी वाचकाला तो शब्द आधी साधा रिकामा डोंगर दाखवतो आणि मागून दुसरा अर्थ येतो. मराठीत ‘शून्य’ म्हटलं की तत्त्वज्ञान आधी येतं आणि डोंगर नाहीसा होतो.

आता दू फूच्या तिसऱ्या-चौथ्या ओळी. आसवं कोणाची, काळीज कोणाचं, हे मोकळं ठेवायचं आहे:

दिवस असे: फुलं, आसवांचा शिडकावा.
ताटातूट अशी: पाखरं, काळजात धस्स.

‘काळजात धस्स’ला मालक लागत नाही. ते कवीचं असेल, पाखरांचं असेल. ‘जाणवणे’ आणि ‘सलणे’ मात्र इथे सुटले आणि ‘असे’, ‘अशी’ हे शब्द माझ्या पदरचे आले. अशी प्रत्येक तडजोड वहीत नोंदवायची.

या टप्प्यावर होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. ओवी किंवा अभंगाच्या चालीत बसवण्याचा मोह होतो आणि मग ‘माया’, ‘वैराग्य’, ‘जीव’ असे शब्द आपोआप येतात. थांग कवीला संत करू नका. चार ओळींची कविता पाहून तिला हायकू समजणं ही दुसरी चूक. हायकू जपानी, तीन ओळींचा, आणि त्याचा डौल वेगळा. ‘ज्युएज्यू’ दोन जोडओळींची रचना आहे आणि तिसऱ्या ओळीला ती वळण घेते. तिसरी चूक संस्कृत शब्दांची. ‘गवत’ला ‘तृण’ आणि ‘पाखरू’ला ‘विहंग’ केलं की भारदस्त वाटतं, पण सांगाड्यातले शब्द रोजचे आहेत.

तपासणी: तुमचं मराठी कुणाला तरी मोठ्यानं वाचून दाखवा आणि विचारा: यात कोण बोलतंय, बाई की पुरुष? उत्तर चटकन आलं तर कुठेतरी क्रियापदानं कर्ता उघड केला आहे.

कवितेऐवजी जुना ग्रंथ असेल तर

‘लुन्यू’ (कन्फ्यूशियसची वचनं) किंवा ‘दावदजिंग’ (लावझ, म्हणजे लाओत्से, याच्या नावावरचा ग्रंथ) वाचताना सांगाड्याची रीत तीच, पण दोन गोष्टी वाढतात.

एक, प्रकरणाचा क्रमांक. ‘लुन्यू’ची प्रकरणं २०, ‘दावदजिंग’ची ८१. कन्फ्यूशियसच्या किंवा लावझच्या नावानं आलेल्या वाक्याला क्रमांक सापडत नसेल तर ते वाक्य वापरू नका. हजार मैलांच्या प्रवासाचं वाक्य ६४व्या प्रकरणात खरोखर आहे; फक्त तिथे मैल नाही, ‘ली’ आहे, आणि ‘पहिलं पाऊल’ असं न म्हणता ‘पायाखाली’ म्हटलंय.

दोन, विरामचिन्हं. मूळ ग्रंथांत ती नव्हती. ‘दावदजिंग’च्या पहिल्याच प्रकरणात ‘निनावी हा आकाश-पृथ्वीचा आरंभ’ असं तोडता येतं आणि ‘अभाव हे आकाश-पृथ्वीच्या आरंभाचं नाव’ असंही. म्हणून अनुवादक कोणत्या प्रतीवर आणि कोणत्या टीकेवर चालतो ते प्रस्तावनेत आधी बघा. १९७३ साली मावांगदुईच्या थडग्यात रेशमावर लिहिलेल्या प्रती निघाल्या. त्यांत ग्रंथाचा उत्तरार्ध आधी येतो, त्यामुळे त्यांच्यावरून केलेल्या अनुवादांत क्रमही वेगळा दिसू शकतो. प्रस्तावनेत मूळ प्रतीचा उल्लेखच नसेल तर ते पुस्तक तुलनेसाठी धरू नका.

सरावासाठी

वांग झह्वान (६८८–७४२) याची ‘करकोचा-बुरुजावर चढताना’ ही २० अक्षरांची कविता घ्या. रकाने भरून देतो:

पांढरा – सूर्य – टेकणे – डोंगर – संपणे
पिवळी – नदी – शिरणे – समुद्र – वाहणे
इच्छा – टोक गाठणे – हजार – ली – डोळा
आणखी – चढणे – एक – मजला – बुरूज

चार ओळींना जोडीची सक्ती नसूनही इथे दोन्ही जोड्या जुळतात. उभ्या रेघा मारा, बोट वरून खाली फिरवा, ‘हजार’च्या खाली ‘एक’ आला का बघा. मग शेवटच्या ओळीपाशी थांबा: ‘चढतो’, ‘चढते’, ‘चढू’, ‘चढ’ यांतलं काय घ्याल? मी बऱ्याच खाडाखोडीनंतर ‘आणखी एक मजला चढावा’ असं ठेवलं. ‘चढावा’ हे रूप मजल्याच्या लिंगावर चालतं, चढणाऱ्याच्या नाही.